पहिल्या फ्लूची आठवण: थॉमस फ्रान्सिस यांच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लूच्या प्रतिकारशक्तीवर लिहायला लागल्यापासून मला येणारी पत्रं साधारण दोन प्रकारची असतात. काहींचं म्हणणं, दरवर्षी सुई टोचून घ्यायची ही काय भानगड आहे? बाकीच्यांचं म्हणणं, गोवर एकदा होऊन गेला की शरीर तो जन्मभर लक्षात ठेवतं, मग फ्लूच्याच बाबतीत ते असं विसरभोळं कसं? दुसऱ्या प्रश्नातच गोम आहे. शरीर विसरत नाही, उलट नको इतकं लक्षात ठेवतं, हे सर्वांत आधी स्पष्टपणे मांडलं ते थॉमस फ्रान्सिस यांनी. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न त्यांच्या कामाच्या आधारानं इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे फ्रान्सिस कोण? पोलिओचे सॉल्क माहीत आहेत, यांचं नाव कधी कानावर आलं नाही.

सॉल्क हे त्यांचेच शिष्य. शिष्याचं नाव घरोघरी पोचलं आणि गुरू पुस्तकांच्या तळटिपांत राहिले.

फ्रान्सिस यांचा जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गॅस सिटी या गावचा. येल विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. १९३३ मध्ये लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू फेरेट या मुंगसासारख्या लांबुडक्या प्राण्यात वाढवून दाखवला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी पोर्तो रिको बेटावरच्या साथीतला विषाणू वेगळा केला. त्याचं नाव पीआर८. ते लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात लागेल. १९४० मध्ये त्यांनी फ्लूचा दुसरा प्रकार, इन्फ्लुएन्झा बी, शोधला. १९४१ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात साथरोगशास्त्राचा नवा विभाग उभारायला गेले आणि सॉल्क तिथेच त्यांच्या हाताखाली फ्लूची लस करायला शिकले.

सॉल्क यांच्या पोलिओ लसीची १८ लाख मुलांवरची चाचणी तपासली तीही फ्रान्सिस यांनीच. १२ एप्रिल १९५५ रोजी ॲन आर्बर इथे त्यांनी निकाल वाचून दाखवला. १९६९ मध्ये ते वारले.

२. फ्लू म्हणजे जोराची सर्दीच ना?

नाही. आपल्याकडे शिंक आली की ‘फ्लू झालाय’ म्हणतात, पण सर्दीचे विषाणू वेगळे. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. फ्लूत ताप एकदम चढतो, अंग मोडून येतं, माणूस अंथरूण धरतो. न्यूमोनिया होऊन जीवही जाऊ शकतो.

३. रक्तात फ्लूविरुद्ध ताकद आहे की नाही हे मोजतात कसं?

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचे काटे असतात. एच१एन१ मधला ‘एच’ तो हाच. या काट्यांनी विषाणू श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो. १९४१ मध्ये रॉकफेलरच्याच जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं, की फ्लूची लागण केलेल्या अंड्यातलं द्रव कोंबडीच्या लाल रक्तपेशींत मिसळलं की पेशींच्या गुठळ्या होतात. त्यात माणसाचं रक्तद्रव टाकलं आणि त्यात योग्य अँटिबॉडी असतील, तर त्या काटे झाकून टाकतात आणि गुठळ्या होत नाहीत.

मग रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठवर परिणाम टिकतो ते बघायचं. एकास चाळीस इतकं पातळ करूनही गुठळ्या अडत असतील, तर लागणीची शक्यता साधारण निम्मी होते, असा ठोकताळा आहे. ठोकताळाच तो. हा आकडा चांगला असूनही अंथरूण धरणारे असतात (प्रश्न १० पाहा).

४. ‘ओरिजिनल अँटिजेनिक सिन’ म्हणजे नेमकं काय? सगळीकडे हा शब्द भेटतो, अर्थ कुणी सांगत नाही.

मराठीत ‘प्रतिजनाचं मूळपाप’ म्हणता येईल. प्रतिजन म्हणजे विषाणूचा तो भाग, ज्याला शरीर ओळखतं. आदामाच्या पहिल्या चुकीचा डाग पुढच्या साऱ्या पिढ्यांना लागतो, ही ख्रिस्ती कल्पना वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. फ्रान्सिस यांनी १९६० मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ती फ्लूला लावली. शरीराची ज्या फ्लूशी पहिली गाठ पडते, त्याचा ठसा पुढच्या प्रत्येक गाठीवर राहतो.

याची मांडणी बरीच आधीपासून चालू होती. डेव्हनपोर्ट, हेनेसी आणि फ्रान्सिस यांनी वेगवेगळ्या वयांच्या लोकांचं रक्तद्रव घेऊन ते जुन्या-नव्या वाणांसमोर तपासलं आणि १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. लहान मुलांच्या रक्तात त्या काळच्या ताज्या वाणांविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर. तरुणांच्या रक्तात तिसाच्या दशकातल्या पीआर८सारख्या वाणांविरुद्धच्या. त्याहून मोठ्यांच्या रक्तात मात्र रिचर्ड शोप यांनी डुकरांमधून वेगळ्या केलेल्या वाणाविरुद्धच्या, म्हणजे १९१८च्या महासाथीच्या विषाणूच्या भावकीतल्या. रक्त तपासा आणि जन्मदाखला वाचा, असाच प्रकार होता.

खरी मेख पुढे होती. मोठ्या माणसाला नव्या वाणाची लस टोचली, तरी त्याच्या रक्तात आधी जोरात वाढल्या त्या बालपणच्या वाणाविरुद्धच्या अँटिबॉडी. नवा पाहुणा दारात उभा, आणि शरीराचं आपलं ये रे माझ्या मागल्या!

५. पण शरीर नवं शिकत का नाही? इतकं आडमुठं कशाला?

लग्नघरातला जुना आचारी डोळ्यांसमोर आणा. फर्माईश नव्या पदार्थाची असली, तरी तो सर्वांत आधी येतो, चूल अडवतो आणि हाताला सवय असलेली बटाट्याची भाजी टाकून मोकळा होतो. नवख्याला शिकायला ना चूल उरते ना वेळ.

अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींपैकी काही पहिल्या लागणीनंतर स्मृतिपेशी होऊन राहतात. पुढच्या वेळचा विषाणू थोडा बदललेला असतो, पण ओळखीच्या खुणा शिल्लक असतात. स्मृतिपेशींना नव्या पेशींपेक्षा कितीतरी लवकर जाग येते. त्या आणि आधीपासून फिरणाऱ्या अँटिबॉडी मिळून विषाणूचे ओळखीचे भाग झाकून टाकतात, त्यामुळे कोऱ्या पेशींच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

२०२३ मध्ये गॅब्रिएल व्हिक्टोरा यांच्या प्रयोगशाळेनं (तीही रॉकफेलरमध्येच, बघा) उंदरांमध्ये अशी युक्ती केली, की पहिल्या डोसाच्या वेळी जाग्या झालेल्या पेशींच्या अँटिबॉडी पुढे वेगळ्या ओळखता याव्यात. त्याच लसीचे आणखी डोस दिल्यावरही रक्तातल्या बहुतेक अँटिबॉडी त्या पहिल्याच तुकडीच्या निघाल्या. मात्र पुढचा डोस पुरेशा वेगळ्या वाणाचा असला, की पहिल्या तुकडीची पकड ढिली पडली. म्हणजे शरीर नवं शिकतं, फक्त नवं हे खरोखर नवं दिसावं लागतं.

६. मग हे पापच कशाला म्हणायचं? यात फायदा काहीच नाही?

माझ्या मते शब्द चुकला. पाप म्हटलं की शिक्षा आलीच, आणि इथे कित्येकदा बक्षीस मिळतं. आता बरेच संशोधक ‘इम्प्रिंटिंग’ म्हणतात. आपल्याकडचा ‘संस्कार’ हा शब्द मला त्याहून चपखल वाटतो. संस्कार चांगलेही असतात आणि नडणारेही.

१९५७ पासून गायब असलेला एच१एन१ १९७७ मध्ये परतला, तोही जवळजवळ १९५०च्या सुमाराच्या रूपात. आजारी पडले ते मुख्यतः पंचविशीच्या आतले. त्याहून मोठ्यांची त्याच्याशी लहानपणीच ओळख झाली होती. २००९च्या स्वाइन फ्लूतही तेच. अमेरिकेत साठी उलटलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूला ओळखणाऱ्या अँटिबॉडी आधीच होत्या. भारतातला या साथीचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा. आजोबा ठणठणीत आणि तरुण मुलगा अतिदक्षता विभागात, असं चित्र त्या वर्षी जगभर दिसलं आणि लोक चक्रावले. फ्रान्सिस असते तर चक्रावले नसते.

आठवण किती टिकते? १९१५ मध्ये किंवा त्याआधी जन्मलेल्या ३२ जणांचं रक्त २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलं होतं. नव्वद वर्षांनंतरही १९१८च्या विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी त्यांच्यात सापडल्या.

७. १९१८च्या साथीत धडधाकट तरुण जास्त का मेले?

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीतून ही साथ शिरली आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या लाटेनं देश झोडपून काढला. भारतातल्या मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत आहेत. वीस ते चाळीस वयाची माणसं इतकी का गेली, याचं एक स्पष्टीकरण फ्रान्सिस यांच्याच वाटेवरचं आहे: या पिढीची लहानपणीची पहिली ओळख एच१शी नव्हे, तर १८८९च्या महासाथीनंतर फिरणाऱ्या वेगळ्याच कुळातल्या विषाणूशी झाली असावी, त्यामुळे जुनी आठवण कामी आली नाही. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. त्या काळच्या विषाणूचा नमुनाच हाती नाही. आणि भारतात त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. उपाशी शरीराचा हिशेब संस्काराच्या खात्यावर मांडू नये.

८. माझं जन्मसाल १९७१. माझा पहिला फ्लू कोणता असेल?

बहुधा एच३एन२. अंदाज बांधायची रीत सोपी आहे. १९१८ ते १९५७ फक्त एच१एन१ फिरत होता, १९५७ ते १९६८ एच२एन२, १९६८ पासून एच३एन२, आणि १९७७ नंतर एच१ व एच३ दोन्ही. बहुतेकांना पहिला फ्लू पाच-सहा वर्षांच्या आत गाठतो. त्यामुळे १९७७ नंतरच्यांचं खात्रीनं सांगता येत नाही, आणि बदलाच्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांचंही.

या गणिताला २०१६ मध्ये मोठं महत्त्व आलं. गॉस्टिक, लॉइड-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी बर्ड फ्लूच्या रुग्णांची जन्मसालं तपासली. एच५एन१चे गंभीर रुग्ण बहुतेक १९६८ नंतर जन्मलेले, तर एच७एन९चे त्याआधी जन्मलेले. कारण काट्यांच्या कुळात आहे. एच१, एच२ आणि एच५ एका गटातले, एच३ आणि एच७ दुसऱ्या. पहिला फ्लू ज्या गटातला, त्या गटातल्या बर्ड फ्लूचा गंभीर आजार होण्याचा धोका त्यांच्या हिशेबात सुमारे ७५ टक्क्यांनी कमी निघाला. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्यांत एच५एन१ सापडला, तेव्हा हे गणित कुणापाशी नव्हतं.

म्हणून १९७१वाल्यांनी घाबरायचं का? नाही. हा लोकसंख्येचा हिशेब आहे, तुमची कुंडली नव्हे.

९. एकदा फ्लू झाला, एकदा लस घेतली. पुन्हा दरवर्षी कशाला?

विषाणू रूप पालटतो म्हणून. हा धडा फ्रान्सिस यांना स्वतःच्याच लसीनं शिकवला. १९४३ मध्ये अमेरिकी लष्करी प्रशिक्षणार्थींच्या तुकड्यांत, सुमारे साडेबारा हजार जणांवर, त्यांच्या मृत विषाणूच्या लसीची चाचणी झाली. लस न मिळालेल्यांत ७.१ टक्के आजारी पडले, मिळालेल्यांत २.२ टक्के. १९४५ मध्ये लसीला परवानगी मिळाली. आणि १९४७ मध्ये तीच लस सपशेल हरली! लस तीच होती. विषाणूचे काटे बदलले होते.

तेव्हापासून फिरत्या वाणांवर नजर ठेवून लस बदलत राहायची पद्धत पडली. जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी वाण सुचवते. शिवाय लसीनं आलेल्या अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरू लागतात.

१०. लस घेऊनही फ्लू झाला. मग फसवणूकच की नाही?

नाही. वाण जुळलेल्या वर्षी ही लस डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते, न जुळलेल्या वर्षी हा फायदा त्याहून घटतो. गोवराच्या लसीसमोर हा आकडा किरकोळ वाटतो, हे मान्य. पण लस घेतलेल्यांना फ्लू झाला तरी तो रुग्णालयापर्यंत जाण्याची शक्यता घटते. टोचल्यावर संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. त्या मधल्या काळात गाठलेला फ्लू लसीच्या माथी मारू नका. लसीत जिवंत विषाणू नसेल, तर लसीमुळे फ्लू होऊच शकत नाही.

११. दरवर्षी लस घेतली की उलट ताकद कमी होते असं वाचलं. खरं का?

प्रश्न अडचणीचा आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत हॉस्किन्स यांना दिसलं, की वर्षानुवर्षं लस घेणाऱ्या मुलांचा पहिल्या वर्षीचा फायदा पुढे टिकला नाही. नंतरच्या अभ्यासांत कधी तसं दिसलं, कधी नाही. १९९९ मध्ये डेरेक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी याची एक सुसंगत मांडणी केली. मागची आणि यंदाची लस जवळजवळ सारखी, पण फिरणारा विषाणू वेगळा, असं झालं तर जुनी आठवण आड येते. दोन लसींत पुरेसं अंतर असेल तर येत नाही. यंत्रणा प्रश्न ५ मधलीच.

पण यातून ‘एक वर्ष सोडून घ्यावी’ असा नियम निघत नाही. सलग घेणाऱ्यांचं संरक्षण काही वर्षी थोडं कमी दिसतं, तरी अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा ते बहुधा बरंच असतं. साठीपुढच्यांनी, दमेकऱ्यांनी, मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा जुगार खेळू नये.

१२. आम्ही पुण्यात राहतो. अमेरिकेतली बहीण ऑक्टोबरमध्ये घेते. आम्हीही तेव्हाच घ्यावी का?

बहिणीचं पंचांग वेगळं. तिच्याकडे फ्लू थंडीत येतो. आपल्याकडे मुख्य जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. शिवाय जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, बहुधा लहान लाट. श्रीनगरमध्ये मात्र थंडीचाच जोर. त्यामुळे महाराष्ट्रात एप्रिल-मे हा काळ बरा, म्हणजे शाळा आणि पाऊस एकदम सुरू होण्याआधी. मागच्या हंगामाची शिल्लक कुपी गळ्यात पडत नाही ना, हे कोणत्या वर्षासाठीची लस आहे ते वाचून बघा.

१३. बाळाची पहिली ओळख खऱ्या फ्लूशी होऊ द्यावी की लसीशी?

‘खरा फ्लू होऊ दे, पक्का संस्कार होईल’ असा सल्ला मला दोन-तीन पालकांनीच ऐकवला आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना फ्लू जड जातो, त्यामुळे ही परीक्षा मुद्दाम घेऊ नये. खऱ्या लागणीचा ठसा अधिक रुंद उमटतो हे शक्य आहे, पण त्याची किंमत न्यूमोनिया असू शकते. लस सहा महिन्यांनंतर देता येते, आणि नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, कारण त्यांच्याकडे जुनी आठवणच नसते. पहिल्या डोसात ओळख, दुसऱ्यात उजळणी.

मुलांना दिलेली लस घरातल्या म्हाताऱ्यांनाही वाचवते. १९६८ मध्ये मिशिगनमधल्या टेकमसे गावात, जिथे फ्रान्सिस यांनी मोठा आरोग्य-अभ्यास सुरू केला होता, आर्नोल्ड मोंटो आणि सहकाऱ्यांनी सुमारे ८५ टक्के शाळकरी मुलांना लस दिली. शेजारच्या एड्रियन गावापेक्षा टेकमसेत सगळ्याच वयांत आजार कमी राहिला.

१४. अँटिबॉडी जुळल्या नाहीत तर शरीर अगदीच उघडं पडतं का?

नाही, इथे टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, येतात. ऑस्ट्रेलियाचे पीटर डोहर्टी मूळचे पशुवैद्य. रॉल्फ झिंकरनागेल यांच्यासह त्यांनी दाखवलं, की टी पेशी विषाणूची लागण झालेली पेशी कशी ओळखतात. त्याबद्दल १९९६चं नोबेल दोघांना मिळालं. पुढे डोहर्टी यांनी बरंच काम फ्लूवरच केलं. टी पेशी विषाणूच्या आतल्या भागांचे तुकडे ओळखतात, आणि ते भाग काट्यांसारखे भराभर बदलत नाहीत. त्या लागण टाळत नाहीत, पण आजार लवकर आटोक्यात आणतात. फ्रान्सिस यांच्या रक्तद्रवाच्या चाचण्यांत हा हिशेब धरलेलाच नव्हता.

१५. कोविड आणि आरएसव्हीलाही हेच लागू पडतं का?

कोविडला बऱ्याच अंशी. सुरुवातीच्या लसी २०२०च्या मूळ विषाणूवर बेतल्या होत्या. ओमिक्रॉन आल्यावर जुना-नवा मिश्र डोस दिला, तर वाढल्या त्या बहुतांशी मूळ विषाणू ओळखणाऱ्या अँटिबॉडी. म्हणूनच २०२३ मध्ये मूळ वाण वगळून फक्त नव्या वाणाच्या लसी आल्या.

आरएसव्हीची, म्हणजे बाळांना आणि वृद्धांना जड जाणाऱ्या श्वसनमार्गाच्या एका विषाणूची, गोष्ट निराळी. तो फारसा रूप पालटत नाही, तरी आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतो. १९६० च्या दशकात फॉर्मेलिननं मारलेल्या विषाणूची लस बाळांना देऊन पाहिली. ती घेतलेल्यांपैकी ज्यांना पुढे लागण झाली त्यांतल्या सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि दोन दगावली. शरीराला चुकीचा चेहरा शिकवला गेला होता. पेशीत शिरण्यापूर्वीचं विषाणूच्या प्रथिनाचं नेमकं रूप २०१३ मध्ये उलगडलं, आणि २०२३ मध्ये वृद्धांसाठी व गरोदर मातांसाठी लसी मंजूर झाल्या. पहिली ओळख चुकली तर काय होतं, याचं याहून जळजळीत उदाहरण मला ठाऊक नाही.

१६. फ्रान्सिस यांचा तो पीआर८ आता कुठल्या संग्रहालयात ठेवलाय?

संग्रहालयात कशाला? तुम्ही अंड्यात वाढवलेली लस घेतली असेल, तर बहुधा त्याच्याच पाठीवर बसून आली असेल. ताजे वाण अंड्यात नीट वाढत नाहीत. पीआर८ मात्र जोमानं वाढतो. म्हणून त्याच्या आतल्या जनुकांवर यंदाच्या वाणाचे काटे चढवतात आणि तो संकर अंड्यांत वाढवतात. १९३४च्या साथीतला विषाणू अजून दरवर्षी कामावर जातो, फक्त तोंड दुसऱ्याचं लावून.